लाल दिव्यावरचं वळण: पाटी कुणी लावायची?

न्यू जर्सीच्या एडिसन, जर्सी सिटी या भागांत मराठी घरं पुष्कळ आहेत. तिथून मॅनहॅटनला गाडीने जायच्या वाटांपैकी एक हडसन नदीच्या पोटातून जाते. हा हॉलंड बोगदा सुमारे अडीच किलोमीटरचा. बोगद्याच्या अलीकडच्या एखाद्या चौकात दिवा लाल असताना गाडी पूर्ण थांबवलीत, रस्ता मोकळा आहे हे पाहिलंत आणि उजवीकडे वळलात, तर त्यात गैर काहीच नाही. बोगद्याच्या पलीकडे, न्यूयॉर्क शहरात, नेमकं हेच केलंत तर दंडाची पावती हातात पडू शकते. गाडी तीच, चालक तोच, दिवाही तसाच लाल. अलीकडे नियम असा, की मनाईची पाटी नसेल तर वळा. पलीकडे नियम असा, की परवानगीची पाटी असेल तरच वळा. शहराच्या वेशीवर तशी सूचना लावलेली असते, पण बोगद्यातून बाहेर पडून गर्दीत शिरणाऱ्या नवख्या माणसाची नजर तिच्यावर पडेलच असं नाही.

हा फरक वरवर कागदोपत्री वाटतो. पण लाल दिव्यावर वळू द्यावं की नाही याबद्दल जगात जिथे जिथे वाद झाले, तिथे तिथे खरा प्रश्न हाच होता: पाटी कुणी लावायची? धोका आहे म्हणणाऱ्याने, की धोका नाही म्हणणाऱ्याने? आपल्याकडच्या 'फ्री लेफ्ट'लाही हाच प्रश्न विचारायला हवा. पण आधी अमेरिकेतला नियम नीट समजून घेऊ, कारण तिकडे गाडी चालवणारे आपले बरेच लोक तो अर्धाच पाळतात.

अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे उजवीकडे वळणं हे तिथलं जवळचं वळण, जसं आपल्याकडे डावीकडे वळणं. जवळच्या वळणाला समोरून येणाऱ्या गाड्यांची वाट कापावी लागत नाही, म्हणून लाल दिव्यावर सवलत मिळते ती या वळणाला. (एका एकेरी रस्त्यावरून दुसऱ्या एकेरी रस्त्यावर जाताना डावीकडे वळतानाही आडवी वाट लागत नाही. म्हणून अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तेवढ्यापुरतं लाल दिव्यावर डावीकडेही वळता येतं.) ही सवलत तीन अटींवर मिळते. पहिली, गाडी पूर्ण थांबली पाहिजे, आणि तीही थांबारेषेच्या किंवा झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे. दुसरी, हिरवा दिवा ज्यांना मिळालाय त्या सगळ्यांना आधी जाऊ दिलं पाहिजे. त्यात आडव्या रस्त्यावरच्या गाड्या आल्या, सायकली आल्या आणि चालत जाणारी माणसंही आली. तिसरी, तिथे मनाईची पाटी नसली पाहिजे. काही पाट्या फक्त शाळेच्या वेळेपुरत्या किंवा ठरावीक तासांपुरत्या असतात, तेव्हा पाटी अर्धवट वाचून चालत नाही.

सगळ्यात जास्त मोडते ती पहिली अट. पूर्ण थांबणं म्हणजे चाकं फिरायची थांबणं. चालक वेग कमी करतो, मान वळवतो आणि गाडी सरपटत ठेवूनच वळतो. अमेरिकेत या सवयीला 'रोलिंग स्टॉप' म्हणतात, काही जण 'कॅलिफोर्निया रोल'ही म्हणतात. वाहन परवान्याच्या परीक्षेत यावर नापास होणारे कमी नाहीत, आणि भारतात दहा-पंधरा वर्षं गाडी चालवून गेलेल्यांना हे फार लागतं, कारण आपण चांगलं चालवतो अशी त्यांची खात्री असते. दिव्याच्या जागी लाल बाण असला तर मामला आणखी वेगळा. कॅलिफोर्नियात लाल बाणावर वळता येत नाही, वॉशिंग्टन राज्यात थांबून वळता येतं. राज्य बदललं की तिथली नियमपुस्तिका चाळायला हवी.

आणखी एक गोष्ट. लाल दिव्यावर वळणं ही मुभा आहे, सक्ती नाही. पाटी नाही, रस्ता मोकळा दिसतोय, तरीही मन खात्री देत नसेल तर हिरवा होईपर्यंत थांबायचा चालकाला पूर्ण अधिकार आहे. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्यावा. त्याला तुमच्या पुढ्यातून चाललेली माणसं दिसत नसतात.

ही मुभा आली कुठून? कॅलिफोर्नियासारख्या पश्चिमेकडच्या राज्यांत ती बरीच आधीपासून होती. तिकडे गावं ऐसपैस, रस्ते रुंद, पायी चालणारे विरळ. 'मनाई नसेल तर वळा' ही पद्धत म्हणूनच पश्चिमेची पद्धत म्हणून ओळखली जाई. पूर्वेकडच्या दाट, जुन्या शहरांत उलटं होतं: जिथे पाटी लावून परवानगी दिली असेल तिथेच वळायचं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी रुळल्या होत्या, आणि त्यांचा मेळ घालावा असं कुणाला फारसं वाटत नव्हतं.

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्धाच्या वेळी अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा तोडला. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकार तेल वाचवायचे मार्ग शोधू लागलं. १९७४ च्या सुरुवातीला देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा आली. २२ डिसेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ऊर्जा धोरण व बचत कायद्यावर सही केली. आणीबाणीसाठी तेलाचा राष्ट्रीय साठा आणि मोटारींच्या इंधन-कार्यक्षमतेची सरासरी मानकं या दोन मोठ्या गोष्टी याच कायद्यातल्या. त्याच कायद्याच्या पोटात एक छोटी अट होती. ऊर्जा बचतीसाठी केंद्राची मदत हवी असेल, तर राज्याने सुरक्षिततेला धरून जास्तीत जास्त ठिकाणी, थांबून मग लाल दिव्यावर उजवीकडे वळू द्यावं.

पैशाची अट असली की राज्यं ऐकतात. एकेक राज्य पश्चिमेच्या पद्धतीवर आलं. १ जानेवारी १९८० रोजी मॅसॅच्युसेट्स आलं आणि पन्नास राज्यं पूर्ण झाली. न्यूयॉर्क राज्यानेही मुभा दिली, पण न्यूयॉर्क शहराने आपल्या हद्दीत जुनाच नियम ठेवला. तिथे परवानगीच्या पाट्या आहेत, पण मोजक्याच, आणि त्यातल्या बऱ्याच स्टेटन आयलंडसारख्या मोकळ्या भागात. वेगमर्यादेचा तो राष्ट्रीय कायदा १९९५ मध्ये रद्द झाला. तेलाच्या टंचाईपायी आलेली वळणाची मुभा मात्र तशीच राहिली, आणि आज ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत आहे असंच अमेरिकन माणसाला वाटतं.

बचत खरी किती होते? गाडी जागेवर उभी असताना साध्या मोटारीचं इंजिन तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पेट्रोल पितं. अर्ध्या मिनिटाचं थांबणं वाचलं तर सहा ते आठ मिलिलिटर वाचतात, औषधाच्या चमच्याने मोजलं तर दीड चमचा. कोट्यवधी गाड्या आणि रोजची कोट्यवधी वळणं धरली तर हा आकडा मोठा होतो, म्हणून १९७५ साली तो हिशेब करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. संकट खरं होतं आणि उपाय फुकटात होणारा होता. पण आजच्या बऱ्याच नव्या गाड्या सिग्नलला थांबल्या की इंजिन आपोआप बंद करतात, आणि विजेवरची गाडी उभी असताना पेट्रोल जाळतच नाही. ज्या कारणाने मुभा आली ते कारण दर वर्षी थोडं थोडं पातळ होत चाललंय. मुभेची किंमत मात्र पातळ होत नाही, आणि ती किंमत समजायला चौकात उभं राहून नजर कुठे जाते ते पाहावं लागतं.

असं समजा, अमेरिकेतल्या एका चौकात तुम्ही उजवीकडे वळायला थांबला आहात. तुमचा दिवा लाल. आडव्या रस्त्याला हिरवा. तुम्हाला ज्या गाड्यांपासून धोका आहे त्या सगळ्या डावीकडून येणार. म्हणून तुमची मान डावीकडे वळलेली, नजर दोन गाड्यांमधली फट शोधतेय. कोपऱ्यावरची इमारत, झाड किंवा उभी गाडी आड येते, म्हणून तुम्ही गाडी थोडी पुढे घेता. आता तिचं नाक झेब्रा पट्ट्यांवर आलंय. त्याच वेळी आडव्या रस्त्याबरोबर पायी चालणाऱ्यांनाही जायची खूण मिळालेली असते, आणि त्यांच्यातले अर्धे तुमच्या उजव्या हाताच्या फुटपाथवरून उतरून नेमके तुमच्या गाडीपुढून चाललेले असतात. तुमचे डोळे एका बाजूला, माणूस दुसऱ्या बाजूला. डावीकडे फट मिळते, पाय ब्रेकवरून उठतो आणि मान पुढे वळायच्या आधी गाडी हललेली असते.

यात चालक उर्मट किंवा बेफिकीर असायची गरज नाही. तो अगदी काळजीपूर्वक पाहतोय, फक्त जिथून त्याला स्वतःला धोका आहे तिकडे पाहतोय. नियमानेच त्याची मान त्या बाजूला वळवलीय. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने हेच दाखवलं. न्यूयॉर्क राज्य, विस्कॉन्सिन, ओहायो आणि न्यू ऑर्लिन्स शहर इथल्या मुभा देण्याआधीच्या आणि नंतरच्या पोलीस नोंदी त्यात तपासल्या होत्या. सिग्नलच्या चौकात उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांनी पायी चालणाऱ्यांना धडक देण्याचं प्रमाण ठिकाणानुसार ४३ ते १०७ टक्क्यांनी वाढलं होतं, सायकलस्वारांच्या बाबतीत ७२ ते १२३ टक्क्यांनी. नोंदींतून दिसलेलं कारणही तेच: चालक थांबतात, डावीकडे फट शोधतात आणि उजवीकडून आलेला माणूस त्यांना दिसत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने संसदेला दिलेल्या अहवालात १९८२ ते १९९२ या काळातले मृत्यू तपासले. लाल दिव्यावर वळायची मुभा असलेल्या चौकांत उजवीकडे वळणाऱ्या गाडीशी संबंध असलेले मृत्यू एकूण रस्तेमृत्यूंच्या ०.२ टक्क्यांहूनही कमी होते. मुभेच्या बाजूने बोलणारे हा आकडा पुढे करतात, आणि तो खोटा नाही. अशा धडका कमी वेगात होतात, त्यामुळे माणूस मरतोच असं नाही. पण सत्तरीच्या बाईला गाडीचा हलका धक्का लागून ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, तर मृत्यूच्या रकान्यात त्याची नोंद होत नाही. आणि एकदा असं झालं, किंवा होता होता राहिलं, की पुढे ती रस्ता ओलांडायचंच टाळते. हे नुकसान कुठल्याच तक्त्यात येत नाही. म्हणून मला ०.२ टक्क्यांचा आकडा खरा वाटतो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष अपुरा वाटतो.

याचा मराठी घरांशी थेट संबंध आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आणि आई-बाबा उन्हाळ्यात काही महिने राहायला गेलेले. त्यांना गाडी चालवायची नसते, पण सकाळ-संध्याकाळ फिरायची सवय सुटत नाही. तिथल्या उपनगरांत फुटपाथवर बहुतेक वेळा तेच दोघं असतात. त्यामुळे वळणाऱ्या चालकाला इथे कुणी चालत येईल असं वाटतच नाही. त्यात आयुष्यभर डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीची सवय, म्हणून आई-बाबांची मान पहिल्यांदा उलट दिशेला वळते. अशा वेळी काही गोष्टी घरच्यांनी त्यांना आवर्जून सांगाव्यात. अनेक चौकांत खांबावरचं बटण दाबल्याशिवाय पायी जाणाऱ्यांची खूण लागतच नाही. चालायची खूण म्हणजे पांढरी माणसाची आकृती. केशरी पंजा लुकलुकत असेल आणि सेकंद उतरत असतील तर जे रस्त्यात आहेत त्यांनी ओलांडून घ्यायचं, नव्याने उतरायचं नाही. आणि पांढरी आकृती लागली तरी जवळच्या उजव्या वळणाच्या लेनमधल्या चालकाकडे पाहायचं. त्याची नजर आपल्यावर आहे याची खात्री झाल्यावरच त्याच्या पुढून जायचं. कायद्याने वाट त्यांची आहे, पण तो दुसरीकडे पाहत असेल तर त्या वेळी कायदा काही कामाचा नाही.

दृष्टिहीन माणसाची अडचण याहून मोठी आहे. तो चौकातल्या आवाजावरून रस्ता ओलांडतो. शेजारून समांतर गाड्या सुटल्याचा आवाज आला की त्याची पाळी आली. लाल दिव्यावर मधूनच सुटणारी गाडी हा हिशेब चुकवते, आणि विजेवरची गाडी तर हलली तरी सहज ऐकू येत नाही.

गेल्या काही वर्षांत अनेक अमेरिकी चौकांत एक चांगली सुधारणा झाली. गाड्यांना हिरवा मिळायच्या तीन ते सात सेकंद आधी पायी चालणाऱ्यांना खूण द्यायची, म्हणजे ते चौकाच्या मध्यापर्यंत पोचतात आणि वळणाऱ्या चालकाला ठळक दिसतात. पण लाल दिव्यावर वळायची मुभा असेल तर या सेकंदांवर पाणी पडतं. चालकाचा दिवा अजून लाल, तरी तो वळू शकतो, आणि तो ज्या रस्त्यावर वळतो तिथेच माणसं नुकती उतरलेली असतात. म्हणून जिथे असे आगाऊ सेकंद दिले जातात, तिथे मनाईची पाटी लावण्याचा विचार आता सिग्नलचे अभियंते करतात. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये टेंडरलॉइन या दाट वस्तीच्या भागात पन्नासाहून अधिक चौकांत लाल दिव्यावर वळायला बंदी घातली. मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहराने २०२३ मध्ये गावाच्या मध्यभागात तेच केलं. वॉशिंग्टन डी. सी. च्या नगरपरिषदेने २०२२ मध्ये शहरभर ही मुभा काढण्याचा कायदा मंजूर केला.

शहरागणिक असे निर्णय होतात तेव्हा पाट्यांचा प्रश्न फार बोचरा होतो. 'मनाई नसेल तर वळा' या पद्धतीत प्रत्येक धोक्याच्या चौकाला पाटी लावणं शहराच्या माथी येतं. शेकडो चौक, प्रत्येकाला चार बाजू. एका पाटीवर झाडाची फांदी आली, एक वाऱ्याने वाकडी झाली, एक रंगाने विटली, एक लावायचीच राहिली, तर तिथे लाल दिव्यावर वळणं आपोआप कायदेशीर ठरतं किंवा निदान चालकाला तसं वाटतं. दुसऱ्या पद्धतीत पाटी हरवली तर काय होतं? चालक अर्धा मिनिट जास्त थांबतो. बस. पहिल्या पद्धतीत चूक माणसाच्या अंगावर येते, दुसरीत ती घड्याळावर जाते.

रेल्वेने हे तत्त्व शंभर वर्षांपूर्वीच मनावर घेतलं होतं. जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली तर हात आपोआप आडवा, म्हणजे 'थांबा'च्या स्थितीत जाईल अशीच त्याची रचना असे. बिघाड झाला तर गाडी उभी राहावी, सुटू नये. रस्त्यावरच्या लाल दिव्याचा रंगही रेल्वेकडून आला. त्यामागचा हा विचार मात्र रस्त्यावर पुरता उतरला नाही.

जर्मनीत तो काही प्रमाणात उतरलेला दिसतो. पूर्व जर्मनीने १९७८ मध्ये लाल दिव्याशेजारी एक साधी काळी पाटी लावायला सुरुवात केली. तिच्यावर हिरवा बाण. वीज नाही, बल्ब नाही, नुसता पत्रा. ती असेल तिथेच थांबून उजवीकडे वळता येई. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्यावर पश्चिमेकडच्या तज्ज्ञांनी या पाटीबद्दल बरीच शंका घेतली. पूर्वेकडच्या लोकांना ती हवी होती. अखेर १९९४ मध्ये ती सगळ्या जर्मनीसाठी कायम झाली, पण नियमांसकट. उदाहरणार्थ, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या सुरक्षेसाठी जो सिग्नल प्रामुख्याने उभारला असेल, तिथे ही पाटी लावायची नाही. प्रत्येक चौक आधी तपासायचा आणि मगच पत्रा ठोकायचा. २०२० पासून फक्त सायकलींसाठी वेगळी पाटीही आली. पॅरिसमध्येही सायकलींसाठी दिव्याखाली छोट्या त्रिकोणी पाट्या आहेत. सायकल हलकी, सावकाश, आणि सायकलस्वाराला चौफेर दिसतं. त्याला दिलेली मुभा आणि दीड टनाच्या गाडीला दिलेली मुभा सारखी मानायचं कारण नाही.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने फार काळ विरोध करून अखेर १३ एप्रिल २००३ पासून मुभा दिली, पण माँट्रिऑल बेट त्यातून वगळलं. ब्रिटन आणि जपान आपल्यासारखे डाव्या बाजूने चालणारे देश. तिथे लाल दिव्यावर डावीकडे वळायची सरसकट मुभा नाही. वळू द्यायचं असेल तर बहुतेक ठिकाणी हिरवा बाण पेटवतात, आणि बाण पेटला म्हणजे त्या बाजूची माणसं थांबवलेली असतात. मला ही पद्धत सगळ्यात स्वच्छ वाटते. चालकाला अंदाज बांधावा लागत नाही, पायी चालणाऱ्यालाही नाही.

आता आपल्याकडे. 'डावीकडे कायम मोकळं असतं' असं ठामपणे सांगणारे चालक कुठल्याही शहरात भेटतात. लाल दिव्यावर डावीकडे वळायची अशी सरसकट मुभा आपल्याकडे नाही. लाल म्हणजे थांबारेषेच्या अलीकडे थांबणं. जिथे 'फ्री लेफ्ट'ची पाटी आहे, हिरवा बाण आहे किंवा सिग्नलच्या आधीच वेगळी डावी लेन काढली आहे, तिथेच जाता येतं. म्हणजे कागदावर आपण न्यूयॉर्क शहराच्या पद्धतीचे आहोत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणं हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

रस्त्यावर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. डावीकडे वळणारा थांबला तर मागून हॉर्नचा मारा होतो. खरोखरच फ्री लेफ्ट असेल तर सरळ जाणाऱ्या दुचाकी त्याच लेनमध्ये घुसून तोंड बंद करतात, आणि एखादी रिक्षा वळणाच्या कोपऱ्यावरच उभी असते. पण माझी तक्रार चालकांच्या शिस्तीपेक्षा फ्री लेफ्टच्या आखणीबद्दल जास्त आहे. कारण सगळे चालक शिस्तीचे झाले तरी ही अडचण उरते.

एखादा मोठा चौक डोळ्यांपुढे आणा. कोपऱ्यात डावीकडे वळणारी वेगळी लेन, आणि ती आणि मुख्य रस्ता यांच्यामध्ये दुभाजकाचं त्रिकोणी बेट. पायी जाणाऱ्याला रस्ता ओलांडायचा तर तो दोन तुकड्यांत ओलांडावा लागतो. बेटापासून पलीकडे जायला सिग्नल आहे, तिथे गाड्या कधी ना कधी लाल दिव्याला थांबतात. पण फुटपाथपासून बेटापर्यंतच्या तुकड्याला कुठलाच दिवा नाही. डावीकडे वळणाऱ्यांना लाल कधी लागतच नाही. दिवसाच्या चोवीस तासांत एकही सेकंद असा नाही, की जेव्हा हा तुकडा पायी चालणाऱ्याचा असतो. हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात नातवंड घेऊन उभी असलेली आजी तिथे गाड्यांमधली फट शोधते. वळणाऱ्या चालकाची मान उजवीकडे, मुख्य रस्त्यावरून येणाऱ्या गाड्यांकडे. अमेरिकेतलं चित्रच इथे आरशात पाहिल्यासारखं उलटं झालेलं असतं. फरक एवढाच, की तिथे कायदा चालकाला आधी पूर्ण थांबायला सांगतो. इथे फ्री लेफ्टवर तेवढंही नाही, आणि वळणाची गोलाई इतकी सैल की वेग कमी करायची गरजच पडत नाही. झेब्रा पट्ट्यांवर पायी चालणाऱ्याला आधी जाऊ देणं हे चालकाचं कर्तव्य इथेही आहेच, पण चाकं फिरत असताना ते कुणाला आठवत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे पाचातला जवळपास एक. हे सगळे फ्री लेफ्टने मेले असं मुळीच नाही. यातले असंख्य मृत्यू महामार्गांवरचे, रात्रीचे, भरधाव गाड्यांचे आहेत. पण ज्या देशात इतकी माणसं पायी चालतात, त्या देशाच्या चौकात त्यांच्यासाठी एकही मोकळा क्षण नसावा हे मला पटत नाही.

उपाय महागडे नाहीत. जिथे पायी वर्दळ मोठी आहे, उदाहरणार्थ शाळा, दवाखाना, मंडई, एसटी स्थानक, बस थांबा यांच्या शेजारी, तिथला फ्री लेफ्ट बंद करून डावीकडे वळणाऱ्यांनाही दिवा द्यावा. डावा बाण पेटेल तेव्हा त्या बाजूची माणसं थांबतील, माणसं चालतील तेव्हा बाण विझेल. जिथे वेगळी लेन ठेवणं भाग आहे, तिथे झेब्रा पट्ट्या रस्त्याच्या पातळीवर न रंगवता फुटपाथच्या उंचीपर्यंत उचलाव्यात, म्हणजे गाडीला चढून जावं लागतं आणि ती हळू होते. चाकांच्या खुर्चीवरचा माणूसही मग न उतरता पलीकडे जातो. आणि वळणाची गोलाई आवळावी. सैल वळणाची लेन ओलांडायला सात मीटर चालावं लागतं असं धरू. म्हातारं माणूस सेकंदाला साधारण ०.८ मीटर चालतं, म्हणजे जवळपास नऊ सेकंद ते गाड्यांच्या वाटेत असतं. कोपरा आवळून ती लेन चार मीटरची केली तर हे नऊ सेकंद पाचावर येतात, आणि गाडीला वळण काटकोनी घ्यावं लागल्यामुळे चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो.